तालमीची कीर्द आणि फुटबॉल संघाचे वय

मोडी कागदांचे वाचन करून देणे हा माझा व्यवसाय आहे आणि त्यातले बहुतेक काम जमिनीच्या वादांचे असते. वाटणीपत्रे, खरेदीखते, इनामाचे कागद यांतच दिवस जातो. त्यामुळे कोल्हापुरातल्या एका पेठेतील तालमीचे सचिव दोन वयोवृद्ध सभासदांना घेऊन आले आणि त्यांनी लाल कापडी पुठ्ठ्याची लांबट वही पुढे ठेवली, तेव्हा तालमीच्या जागेचाच काही तंटा असावा, असे मला वाटले. त्यांना मात्र फुटबॉल संघाचे वय काढून हवे होते.

कोल्हापूरबाहेरच्या वाचकाला हे विचित्र वाटेल, म्हणून थोडे सांगतो. इथला फुटबॉल तालमींच्या आश्रयाने वाढला. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल हे नामवंत संघ आजही तालमीचेच नाव लावून शाहू स्टेडियमवर उतरतात. हल्ली त्यांच्यात परदेशी खेळाडूही दिसतात. पण मूळचा संघ म्हणजे पेठेतली पोरे आणि पेठेतलीच वर्गणी. माझ्याकडे आलेल्या तालमीच्या फलकावर फुटबॉल संघाच्या स्थापनेचे म्हणून स्वातंत्र्यानंतरचे एक वर्ष रंगवलेले होते. शेजारच्या पेठेतला संघ स्वतःला त्याहून जुना म्हणवतो, आणि स्मरणिका छापण्याआधी हा विषय एकदाचा निकालात काढावा, असे सचिवांच्या मनात होते.

वही म्हणजे तालमीची कीर्द होती. डावीकडे जमा, उजवीकडे खर्च, रक्कम रुपये-आणे-पैत. लिहिणारा बहुधा एखाद्या पेढीवरचा कारकून असावा, कारण हात सराईत होता आणि शिरोरेषा पानभर न थांबता गेलेली होती. अडचण एवढीच की पहिली काही पाने फाटून गेली होती आणि उरलेल्या पानांवर तिथी, वार, महिना असला, तरी शक कोठेच नव्हता. मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेदही पाळत नाहीत, त्यामुळे परका शब्द आला की मागचा-पुढचा खर्च पाहूनच तो लावावा लागतो. तांबडी माती, तेल, हळद, लिंबू, दिवाबत्ती असा आखाड्याचा खर्च ओळीने वाचत असताना श्रावणातल्या एका नोंदीपाशी मी थांबलो. ‘स्यालकोटी फुटबाल एक, वादीसह’. पुढच्याच पानावर ‘बलाडर ठिगळ, सायकलवाला, आणे दोन’ अशी नोंद होती. चामड्याच्या कवचात रबरी ब्लॅडर घालून वरून वादीने आवळायचा, असा तो बॉल. पंक्चर झाला की सायकलच्या दुकानाशिवाय गती नव्हती.

स्यालकोटचे नाव आल्याने एक बाजू सैल झाली. फाळणीपूर्वी खेळाच्या साहित्याचे मोठे केंद्र स्यालकोट होते आणि फाळणीनंतर तिथले अनेक कारागीर जालंधर व मेरठ येथे येऊन स्थिरावले. म्हणजे हा बॉल १९४७ च्या आधीचा असण्याचा संभव बराच. पण संभवावर दाखला देता येत नाही. तो मिळाला पुढे, कार्तिक वद्यात. ‘महाराज मुंबई मुक्कामी कैलासवासी जाहले, सबब तालीम बंद’ एवढीच ती ओळ. छत्रपती राजाराम महाराजांचे निधन २६ नोव्हेंबर १९४० रोजी मुंबईत झाले. मी पंचांग काढून ताडून पाहिले, तिथी जुळली. म्हणजे त्याआधीच्या श्रावणात, १९४० च्या पावसाळ्यात, तालमीने बॉल विकत घेतलेला होता. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनही त्याच १९४० सालची, हे सचिवांनीच आनंदाने सांगितले.

त्यांनी लगेच दाखल्याचा मजकूर सांगायला सुरुवात केली: ‘संघाची स्थापना १९४० किंवा त्यापूर्वी’. मी नकार दिला. वहीत बॉल होता, संघ नव्हता. फुटबॉलसाठी वेगळी वर्गणी नव्हती, सामन्याची नोंद नव्हती, कप्तानाचे नाव नव्हते. सगळा खर्च ‘किरकोळ’ या सदरात, मातीच्या आणि तेलाच्या खाली. शेतजमिनीच्या दाव्यात कुळाचा बैल दिसला म्हणून कुळाचा हक्क सिद्ध होत नाही, तसेच हे. सचिव नाराज झाले. त्यांच्याबरोबरचे एक आबा, जे स्वतः पूर्वी हाफबॅक खेळत, मात्र हसले. “आवं गुरुजी, स्थापना कसली? जोर-बैठका झाल्या की पोरं बॉल घेऊन पळायची. संघ हाय हे आमाला टुर्नामेंटचा फॉर्म भरताना कळालं!”

मला वाटते, हौशी संघाच्या इतिहासाबद्दल त्या दिवशी ऐकलेले हे सर्वांत विश्वसनीय विधान होते. फलकावरचे वर्ष बहुधा त्या फॉर्मचेच असणार.

मी आबांना बुटांविषयी विचारले, कारण वहीत बुटांचा खर्च कोठेच नव्हता. ‘पायास पट्ट्या’ मात्र वरचेवर होत्या. ते म्हणाले, त्यांच्या थोरल्या भावाच्या वेळी सगळे अनवाणीच खेळत. यात कमीपणा काही नाही. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये फ्रान्सकडून २-१ ने हरलेल्या भारतीय संघातले बहुतेक खेळाडूही अनवाणीच होते, आणि १९५२ साली हेलसिंकीला युगोस्लाव्हियाने १०-१ असा फडशा पाडल्यावरच आपल्याकडे बुटांची सक्ती आली.

शेवटी दाखला असा ठरला: ‘तालमीच्या कीर्दीत १९४० च्या श्रावण महिन्यात फुटबॉल खरेदीची व ब्लॅडर दुरुस्तीची नोंद आहे.’ सचिवांनी ‘अस्सल’ हा शब्द घालायला लावला, तो मी घातला, कारण वही अस्सलच होती. वही पुराभिलेखागारात ठेवावी, निदान पानांची छायाचित्रे काढून घ्यावीत, असे मी सुचवले. छायाचित्रांना ते तयार झाले. वही सरकारात द्यायला तिघेही तयार नव्हते. फलक मात्र पुन्हा रंगवायचा नाही, असे आबांनी तिथेच बजावले.