मालवणचे दोन सण आणि एक किल्ला

मालवणचा इतिहास सांगायला बसलेला माणूस बहुधा सिंधुदुर्ग किल्ल्यावर जातो आणि तिथेच रमतो. ते स्वाभाविकही आहे, कारण २५ नोव्हेंबर १६६४ रोजी कुरटे बेटावर ज्याची पायाभरणी झाली, त्या जलदुर्गापुढे गाव झाकोळणारच. तरीही हा किल्ला मालवणच्या जगण्यात किती मुरला आहे हे समजून घ्यायचे असेल, तर तटबंदीची लांबी मोजण्यापेक्षा नारळी पौर्णिमा आणि दिवाळीचा पाडवा हे दोन दिवस इथे काढावेत, असे माझे मत आहे.

नारळी पौर्णिमेला मानाचे श्रीफळ आधी किल्ल्यातले रहिवासी दर्याला अर्पण करतात आणि त्यानंतरच शहरातले व्यापारी व नागरिक वाजतगाजत बंदरावर येऊन आपला नारळ वाहतात. हा मान काही केवळ जुन्या दगडांचा नव्हे. किल्ल्यात आजही काही कुटुंबे नांदतात, राजाराम महाराजांनी उभारलेल्या शिवराजेश्वर मंदिरात पूजाअर्चा चालते आणि चहूकडे खारे पाणी असूनही दूधबाव, दहीबाव व साखरबाव या विहिरींना गोडे पाणी असते. मासेमारीवरची पावसाळी बंदी सरकारी हिशेबाने ३१ जुलैला संपते. जुन्या जाणत्यांचा दर्या मात्र नारळ दिल्यावरच उघडतो. बंदरावर मग नारळ लढवण्याची चुरस रंगते, आणि तिथली गर्दी पाहिली की अर्धे मालवण याच एका कामासाठी वर्षभर थांबले होते की काय, असे वाटते.

पाडव्याला ग्रामदैवत श्री देव रामेश्वर आणि श्री देव नारायण यांची पालखी नगरप्रदक्षिणेला निघते. तिच्या वाटेवर मोरयाचा धोंडा येतो. किल्ल्याच्या पायाभरणीपूर्वी शिवाजी महाराजांनी ज्या खडकावर गणेशपूजन केले असे परंपरा सांगते, तोच हा धोंडा. पुढे दांडीच्या किनाऱ्यावर गाबीत या मच्छीमार समाजाच्या वस्तीत दारोदारी रांगोळ्या घालून पालखीचे स्वागत होते.

दांडीचे नाव निघाले की रापणीविषयी लिहिल्यावाचून राहवत नाही. होडीतून जाळे अर्धवर्तुळात सोडायचे आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून ओढायचे, हे एका घराच्या आवाक्यातले काम नाही. म्हणूनच रापण संघाची असते आणि मिळालेली मासळी वाट्यांनी विभागली जाते. माशांचा अख्खा थवा घेरून पकडणाऱ्या पर्ससीनच्या मोठ्या जाळ्यांवर २०१६ साली राज्य सरकारने निर्बंध आणले, त्यामागे अशाच पारंपरिक मच्छीमारांचा दीर्घ संघर्ष होता. किल्ला दाखवणाऱ्या माहितीफलकांवर या संघर्षालाही दोन ओळी मिळायला हरकत नसावी.