दिल्लीच्या आधी गावात विचारा

युवा संसदेची नोंदणी सुरू झाली की स्टाफरूमच्या दाराशी मुलं-मुली घुटमळायला लागतात. ‘मॅडम, तेवढं भाषण लिहून द्या ना.’ मी चोपडा तालुक्यातल्या एका कॉलेजात राज्यशास्त्र शिकवते आणि राष्ट्रीय सेवा योजनेचं कामही माझ्याकडे आहे, त्यामुळे ही मंडळी माझ्याकडेच येणार हे ठरलेलं. भाषण मी लिहून देत नाही. वही काढायला लावते आणि सांगते, आधी गावात जाऊन तिघांना विचारून या की तुमचं कोणतं काम अडलंय. आजची ही पोस्ट या एवढ्याच गोष्टीसाठी आहे, कारण खान्देशातून दरवर्षी चांगली बोलणारी मुलं तयार होतात आणि त्यांच्या बोलण्यात खान्देश मात्र सापडत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. केंद्राच्या युवा व्यवहार आणि क्रीडा मंत्रालयाची ही राष्ट्रीय युवा संसद २०१९ पासून भरते. १८ ते २५ वयाच्या कुणालाही भाग घेता येतो. आधी जिल्हा, मग राज्य, मग दिल्ली. २०२५ मध्ये तिचं नाव ‘विकसित भारत युवा संसद’ झालं. त्या वर्षी सुरुवातीला ‘माय भारत’ पोर्टलवर एक मिनिटाचा व्हिडिओ टाकायचा होता, ‘विकसित भारत म्हणजे माझ्यासाठी काय’ या विषयावर, आणि पुढच्या फेरीला ‘एक देश, एक निवडणूक’ हा विषय होता. निवड झालेल्यांना बोलायला मोजकी मिनिटं मिळतात.

या मोजक्या मिनिटांचं काय होतं ते मी वर्षानुवर्षं ऐकत आलेय. विवेकानंदांचं एक वाक्य, तरुणांच्या देशाची आकडेवारी, नंदुरबारच्या शिरीषकुमारचा उल्लेख, शेवटी चार ओळींची कविता आणि जय हिंद. शिरीषकुमारचं नाव घेताना माझाही गळा दाटतो. ९ सप्टेंबर १९४२ ला तो आणि त्याचे सोबती गोळ्या झेलून गेले, तेव्हा ती शाळेत जायच्या वयाची पोरं होती. पण ते नाव भाषणाला शोभा म्हणून लावलेलं मला सहन होत नाही. त्यानंतर जे बोललं जातं ते चोपड्याचं आहे की चंद्रपूरचं, हे डोळे मिटून ऐकलं तर ओळखता येत नाही.

म्हणून आमच्याकडे सरावाचा पहिला दिवस फळ्यावर जातो. मी विचारते, तुमचा लोकसभा मतदारसंघ कोणता? ‘जळगाव’ असं उत्तर हमखास येतं, कारण जिल्हा जळगाव. मग रावेर लिहिते आणि खाली त्यातल्या सहा विधानसभा मतदारसंघांची नावं: चोपडा, रावेर, भुसावळ, जामनेर, मुक्ताईनगर, मलकापूर. मलकापूरशी मुलं थांबतात. ते बुलढाणा जिल्ह्यात, म्हणजे विदर्भात, आमच्यापासून शंभर किलोमीटरच्या पुढे, आणि तरी आमचा खासदार एकच. शेजारच्या शिरपूरचंही तसंच: जिल्हा धुळे, मत नंदुरबारच्या जागेसाठी. साक्रीचंही तेच. उलट धुळ्याच्या जागेत नाशिक जिल्ह्यातलं मालेगाव आणि बागलाण येतं. ‘आमच्या भागाच्या वतीने’ असं म्हणणाऱ्याला तो भाग कुठून कुठपर्यंत आहे हे तरी ठाऊक हवं. हा तास मुलांना फार आवडतो. एकदा फळा पुसायच्या आधी सगळ्यांनी त्याचे फोटो काढून घेतले होते.

दुसऱ्या दिवशी आणलेले प्रश्न वाचतो आणि प्रत्येकापुढे तो कोणाच्या दारातला आहे ते लिहितो. गटार ग्रामपंचायतीचं. एसटीची फेरी राज्याची. भुसावळला गाडी थांबते की नाही, हे केंद्राचं. काही प्रश्न दोन-तीन दारांत फिरतात आणि खरी मेहनत तिथेच आहे.

एका मुलाचं सांगते. घरची केळी, तापीच्या काठाला. वडिलांनी दरवर्षीप्रमाणे फळपीक विमा काढलेला, उन्हाने घड करपले आणि भरपाई मिळाली नाही. बापाने त्याला एवढंच सांगितलं होतं, ‘इमा काढेल शे, पन पैसा कवय येतीन?’ मुलगा हे वाक्य घेऊन आला आणि म्हणाला, ‘मॅडम, सरकार शेतकऱ्याकडे लक्ष देत नाही, असं बोलू का?’ मी म्हटलं, असं कोणीही बोलेल, तू विमा मिळाला नाही त्याचं कारण शोध.

त्याने शोधलं. हा विमा हवामानावर आधारित आहे. उन्हाने बागेत किती नुकसान झालं हे त्यात कोणी मोजत नाही. महसूल मंडळासाठी, म्हणजे काही गावांच्या गटासाठी, एक स्वयंचलित हवामान केंद्र असतं, त्याच्या नोंदीत ठरलेल्या तापमानाच्या वर सलग ठरलेले दिवस पारा गेला, तरच भरपाई. पोरगा मोटरसायकल घेऊन त्या केंद्रापर्यंत गेला. तारेच्या कुंपणात एक खांब, त्यावर वारा मोजणाऱ्या वाट्या, खाली पांढरी पेटी. आजूबाजूला झाडं आणि सावली. त्याची बाग तिथून कितीतरी किलोमीटर लांब, उघड्या काळ्या रानात. त्याने दोन फोटो काढले, एक केंद्राचा, एक बागेचा, आणि वहीत एक ओळ लिहिली: ‘पारा तिथे मोजतात, घड इथे करपतात.’ ती ओळ माझी नाही, त्याची आहे. इतकं नेमकं वाक्य मला सुचलं नसतं.

मग हा प्रश्न कोणकोणत्या दारांतला ते आम्ही ठरवलं. योजना केंद्राची, अटी जाहीर करतो राज्याचा कृषी विभाग, अनुदानाचा वाटा दोघांचा, पैसे देणार विमा कंपनी. म्हणजे हा प्रश्न लोकसभेतही विचारता येतो आणि विधानसभेतही, फक्त तो वेगवेगळा विचारावा लागतो. लोकसभेत रोज २० तारांकित प्रश्न लागतात, त्यांना मंत्री तोंडी उत्तर देतात आणि त्यावर पुरवणी प्रश्न विचारता येतो. अतारांकितांना लेखी उत्तर मिळतं. त्याने दोन्ही तऱ्हांनी प्रश्न लिहिला. तारांकितासाठी: एका मंडळात एकच केंद्र असेल, तर मंडळाच्या दुसऱ्या टोकाच्या बागेचं तापमान कसं धरणार? आणि पुरवणी: गावनिहाय केंद्रं उभारायचा सरकारचा काही कार्यक्रम आहे का? हे लिहून झाल्यावर त्याच्या आवाजात जो फरक पडला, तो कुठल्याही वक्तृत्व शिबिरात पडला नसता. ओरडणं बंद झालं. माहिती असलेला माणूस जसा सावकाश बोलतो, तसा बोलायला लागला.

दुसरी एक मुलगी, सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरची, पावरा समाजातली. घरी पावरी, कॉलेजात मराठी, बाजारात अहिराणी. तिचा सराव मी नेहमी आधी घ्यायची, कारण तिची एसटी चुकली तर पुढे वडापशिवाय, म्हणजे खासगी जीपशिवाय, काही नाही आणि संध्याकाळच्या वडापने तिला पाठवायला माझी तयारी नसते. ती गावात तिघांना विचारायला गेली ती घरातूनच सुरू झाली. वडिलांनी पत्र्याच्या पेटीतून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला कागद काढून दिला: वनहक्काच्या दाव्याची पोच. घड्यांवर कागद विरलेला, शिक्का फिकट झालेला. कागद इतका जपलेला होता की तिने तो वर्गात टेबलावर ठेवला तेव्हा हात लावायची कोणाची छाती होईना.

२००६ चा वनहक्क कायदा आमच्या अभ्यासक्रमात एका परिच्छेदात उरकतो. तिने तो अख्खा वाचला. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जमीन कसणाऱ्या आदिवासी कुटुंबाला चार हेक्टरांपर्यंत हक्क मागता येतो. दावा ग्रामसभेकडे जातो, तिथून उपविभागीय समिती, तिथून जिल्हा समिती. दावा नाकारला तर कारण कळवावं लागतं आणि वरच्या समितीकडे दाद मागता येते. चोपडा, यावल, रावेर तालुक्यांतली सातपुड्याकडची गावं अनुसूचित क्षेत्रात येतात, म्हणजे तिथे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा १९९६ चा पेसा कायदाही लागू आहे आणि पाड्याचीसुद्धा स्वतःची ग्रामसभा होऊ शकते. हे वाचताना तिने मला विचारलं, ‘मॅडम, मग आमच्या पाड्याची सभा कधी झाली?’ उत्तर माझ्याकडे नव्हतं, ते तिच्या गावातच होतं. ती ग्रामसेवकाकडे इतिवृत्ताची वही बघायला गेली. पोरीने इतिवृत्त मागितलं म्हणून गावात दोन दिवस चर्चा चालली.

तिचं भाषण मराठीत झालं. ‘आदिवासींचा विकास’ हे दोन शब्द त्यात कुठेच नव्हते. त्या पोचेवरची तारीख होती, तीन समित्यांची नावं होती आणि दावा आता कोणत्या टेबलावर आहे, हा प्रश्न होता. परीक्षकांपैकी एकांनी शेरा दिला, ‘विषय राष्ट्रीय आहे, आपण फार स्थानिक बोललात.’ हा शेरा मला आजही पटलेला नाही. संसदेने केलेला कायदा एका पाड्यापर्यंत पोचला की नाही, यापेक्षा राष्ट्रीय प्रश्न कोणता? लोकसभेत शून्य प्रहरात, म्हणजे तातडीचे विषय मांडायच्या वेळेत, खासदार उठतात ते आपल्या मतदारसंघातला पूल, थांबा, दवाखाना घेऊनच. आपल्या मुलांनी तसंच केलं तर ते विषयाबाहेर कसं?

ती पुढच्या फेरीत गेली नाही. तो मुलगाही गेला नाही. आणि इथे पालकांना एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. ३६ जिल्ह्यांच्या महाराष्ट्रातून दिल्लीला जातात तिघं. नंदुरबारचा नंबर लागेल, धुळ्याचा लागेल, असं या गणितात कुठेच नाही. ज्याची निवड होते त्याचं कौतुक आहेच. जुन्या संसद भवनाच्या, म्हणजे आताच्या संविधान सदनाच्या, ज्या मध्यवर्ती सभागृहात २६ नोव्हेंबर १९४९ ला संविधान स्वीकारलं गेलं, तिथे या संसदेच्या अंतिम फेऱ्या झाल्या आहेत, आणि तिथे उभं राहून बोलणं ही आयुष्यभर पुरणारी गोष्ट आहे. पण त्या तिघांवर सगळा डाव लावून बाकी शेकडो मुलांची मेहनत स्पर्धेच्या दिवशी संपवायची, हे मला मान्य नाही. प्रश्न तयार झाला असेल तर तो दिल्लीला गेला नाही तरी चालू लागतो. त्या पोरीचा प्रश्न पुढच्या ग्रामसभेत गेला. केळीवाल्या पोराने आपले दोन फोटो जोडून तालुका कृषी कार्यालयात अर्ज दिला आणि पोच घेतली. पोच घ्यायचीच, हे मी सगळ्यांना बजावून सांगते.

आपल्याकडे याची परंपरा आहे आणि ती भाषणापुरती नाही. यावल तालुक्यातल्या फैजपूरला डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन झालं, जवाहरलाल नेहरू अध्यक्ष होते. मुलांना एवढंच पाठ असतं. मी त्यांना पुढचं वाचायला लावते: त्या अधिवेशनाने शेतीचा कार्यक्रम मंजूर केला होता. शेतसारा आणि खंड (जमीनमालकाला द्यायचं भाडं) कमी करा, कर्जाचा बोजा उतरवा, शेतमजुराला पोटापुरती मजुरी द्या. देशातली सगळी मोठी माणसं आमच्या केळीच्या पट्ट्यात आली तेव्हा बोलणं शेतसाऱ्यावर आणि मजुरीवर झालं. फैजपूरच्या रस्त्याने जाताना मुलांना हे आठवावं, असं मला वाटतं.

आणखी एक. मत द्यायचं वय १९८९ मध्ये २१ वरून १८ वर आलं, पण लोकसभा किंवा विधानसभा लढवायला २५ पूर्ण लागतात. म्हणजे युवा संसदेत बसणारी जवळजवळ सगळी मुलं खऱ्या संसदेत बसू शकत नाहीत. ग्रामपंचायतीला मात्र २१ पुरतात आणि ग्रामसभेत हात वर करायला १८. आमच्या माजी विद्यार्थिनींपैकी एक जण ग्रामपंचायत सदस्य झाली आहे. ती मला आता योजनांच्या शासन निर्णयांच्या फाइली पाठवते आणि ‘मॅडम, यातलं कलम समजावा’ म्हणते. फोनवर आमचे वाद होतात, आणि कधी कधी तिचंच बरोबर निघतं.

नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्राणी, अक्कलकुवा, नवापूरकडच्या शिक्षकमित्रांना एक विनंती. तिकडे डोंगरात रेंज मिळत नाही, एक मिनिटाचा व्हिडिओ अपलोड व्हायला पोराला मोलगी-धडगावसारख्या बाजारगावी यावं लागतं. शेवटच्या तारखेची वाट बघू नका. कॉलेजच्या वायफायवर सगळ्यांचं एका दुपारी उरकून टाका आणि आधार कार्डावरचं नाव-जन्मतारीख आधी तपासून घ्या, अर्ज तिथेच अडकतात.

चोपडा, यावल, शिरपूर भागातल्या मुलांना यंदा सराव करायचा असेल तर शनिवारी दुपारी आमच्याकडे या, कोणत्याही कॉलेजचे असाल तरी चालेल. भाषण लिहून आणू नका. गावातल्या तिघांना विचारलेला एक प्रश्न आणा, त्याच्याशी लागणारा एखादा कागद किंवा फोटो आणा. आणि परतीची शेवटची गाडी किती वाजता आहे ते आल्या आल्या सांगा, म्हणजे ज्याची गाडी आधी त्याला आधी घेईन.