हलन्त गळू लागला तेव्हा

चिपळूणमध्ये लॅपटॉप दुरुस्तीचे काम करताना कीबोर्डच्या तक्रारी सतत येतात आणि आमच्या दमट हवेत त्यांचे मूळ बहुधा ओलाव्यात किंवा सांडलेल्या चहात सापडते. २२ जुलै २०२१ च्या महापुरानंतर तर चिखलाने भरलेले कीबोर्ड आम्ही कित्येक आठवडे उघडत होतो. तरी गेल्या वर्षी आलेली एक तक्रार मला या सगळ्यांपेक्षा जास्त आठवते, कारण तीत बिघाड यंत्राचा होता आणि बोल मात्र एका कसलेल्या टंकलेखिकेने स्वतःच्या बोटांना लावला होता.

तहसील कचेरीजवळ अर्ज, दस्त आणि प्रतिज्ञापत्रे टाइप करून देणाऱ्या या ताई वीसहून अधिक वर्षे इनस्क्रिप्ट या देवनागरी कळमांडणीने मराठी टाइप करतात. त्यांच्या एका मसुद्यात ‘अर्जदारास प्रत दिली’ असे हवे असताना ‘अर्जदारास परत दिली’ असे छापले गेले आणि सही होण्याआधी वकिलांच्या नजरेस पडले म्हणूनच अनर्थ टळला. इनस्क्रिप्टमध्ये ‘प्र’ उमटवायला प, हलन्त (अक्षराचा पाय मोडणारे चिन्ह) आणि र या तीन कळा ओळीने दाबाव्या लागतात. मधला हलन्त गळाला की जोडाक्षर सुटते. ‘पत्र’चे ‘पतर’ झाले तर ते डोळ्याला लगेच खुपते आणि त्याखाली लाल रेघही येते, पण ‘परत’ हा स्वतंत्र, शुद्ध शब्द असल्यामुळे संगणकाला त्यात काहीच वावगे दिसत नाही.

याआधी एका दुकानात त्यांना विंडोज नव्याने टाकून मिळाले होते आणि दुसऱ्या दुकानात कीबोर्डच बदलून मिळाला होता. नवा कीबोर्ड पंधरा दिवस नीट चालला आणि मग तीच रड सुरू झाली. “दादा, आता माझीच बोटं थकली असतील,” असे त्या म्हणाल्या तेव्हा मला फार वाईट वाटले.

मी चार ओळी टाइप करून पाहिल्या, तर सगळ्या कळा चालत होत्या. मधूनच होणाऱ्या बिघाडात दुरुस्ती करणारा नेमका इथेच फसतो, कारण तो दोन मिनिटे कळा दाबतो आणि गिऱ्हाईक मात्र चार-चार तास काम करते. म्हणून मी त्यांना माझ्याच टेबलाशी बसवले, चार्जर लावून दिला आणि रोजच्यासारखे काम करायला सांगितले. सुमारे पन्नास मिनिटांनी त्यांनी हाक मारली. मी लगेच कळा तपासण्याचे साधन उघडून एकेक कळ दाबत गेलो, तेव्हा डी बरोबर ई, सी आणि वरची ३ या कळाही मुक्या झालेल्या आढळल्या. इनस्क्रिप्टमध्ये डी वर हलन्त, ई वर काना आणि सी वर ‘म’ असतो, म्हणजे हलन्ताबरोबर काना आणि ‘म’ सुद्धा गळत होते. पण त्यांच्या जागा रिकाम्या दिसत असल्यामुळे ताई ते हातासरशी दुरुस्त करत आल्या होत्या आणि त्याची वेगळी नोंद त्यांच्या मनात राहिली नव्हती.

या चार कळा एकदम जाणे हीच माझ्यासाठी मोठी खूण होती. लॅपटॉपच्या ऐंशीएक कळांना ऐंशी तारा नसतात. आडव्या आणि उभ्या मिळून साधारण दोन डझन वाहक रेषा असतात, प्रत्येक कळ त्यांपैकी दोन रेषांना जोडते आणि कोणत्या दोन रेषा जुळल्या यावरून यंत्र अक्षर ओळखते. एकच कळ जात असेल तर तिच्याखाली कचरा असेल किंवा रबर झिजले असेल, पण एका रेषेवरच्या सगळ्या कळा एकत्र जात असतील तर दोष त्या रेषेत, बहुतेक वेळा कीबोर्डची चपटी पट्टी मदरबोर्डला जिथे जोडलेली असते तिथेच शोधावा लागतो. कोणत्या कळा एका रेषेवर येतात हे प्रत्येक मॉडेलमध्ये वेगळे असते, पण ई, डी, सी आणि ३ ही जोडणी मी अनेकदा पाहिली आहे.

मग मी डाव्या मनगटाखालचा भाग हलकेच दाबला, तर चारही कळा जिवंत झाल्या आणि हात काढताच पुन्हा गेल्या. लॅपटॉप डोळ्यांच्या पातळीवर धरून बाजूने पाहिल्यावर सगळा उलगडा झाला. टचपॅड किंचित वर आला होता आणि खालचे झाकण टेबलावर डुलत होते. आतली बॅटरी फुगली होती. वीज जाईल या भीतीने ताई चार्जर कधीच काढत नसत. सतत पूर्ण भरलेली आणि गरम राहणारी बॅटरी लवकर झिजते आणि तिच्यात वायू साठू लागतो. तासाभराच्या कामानंतर ऊब वाढली की तो फुगवटा कीबोर्ड आणखी थोडा उचलत होता, पट्टी तिरकी ओढली जात होती आणि तिच्या कडेच्या रेषेचा संपर्क सुटत होता. कीबोर्ड बदलणाऱ्याने झाकण उघडले तेव्हा ही बॅटरी त्याच्या डोळ्यांसमोरच असणार. तिने पेट घेतला असता तर काय झाले असते, या विचाराने मला आजही राग येतो.

मी सर्वांत आधी बॅटरीची जोडणी सोडवली, धातूचे हत्यार न वापरता तिला हळूहळू मोकळे केले आणि दुकानाबाहेर वाळूच्या डब्यात ठेवले. पट्टीची टोके आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसून ती सरळ बसवली आणि कनेक्टरचे लॉक दोन्ही बाजूंनी नीट बसल्याची खात्री केली. कीबोर्डमध्ये काहीही दोष नव्हता. नवी बॅटरी पुण्याहून येईपर्यंत लॅपटॉप फक्त चार्जरवर चालवायचा होता, म्हणून मी त्यांना माझ्याकडचा छोटा यूपीएस दिला. त्या दिवशी संध्याकाळी सहापर्यंत त्यांनी माझ्यासमोरच एक संपूर्ण वाटणीपत्र टाइप केले आणि त्यात एकही जोडाक्षर सुटले नाही.

चार दिवसांनी बॅटरी बसवून मी चार्जिंगची मर्यादा ८० टक्क्यांवर ठेवली. ताई निघाल्या नाहीत. मागच्या दोन महिन्यांच्या फायलींमध्ये ‘परत’ हा शब्द कसा शोधायचा ते त्यांनी मला विचारले आणि आम्ही दोघांनी प्रत्येक वाक्य वाचून पाहिले. तीन ठिकाणी तिथे ‘प्रत’ हवे होते. ते तीन कागद कोणाकडे गेले होते ते वहीत पाहून त्यांनी तिथूनच एकेकाला फोन लावायला सुरुवात केली.