पासवाल्यांना काय सांगू?

"ताई, मग पासवाल्यांना मी काय सांगू?" आमच्या वस्तीच्या सार्वजनिक संडासाच्या केअरटेकरने एवढंच विचारलं. आवाज चढवला नाही, टोमणाही नव्हता. त्याला खरंच उत्तर हवं होतं. मला ते तेव्हा सुचलं नाही आणि आता रात्री वही घेऊन बसले तरी सुचत नाहीये.

झालं इतकंच, की माळ्यावरच्या त्या पोरीला पैसे न घेता आत सोड, असं मी त्याला म्हटलं. सातवा महिना लागलाय तिला. या दिवसांत किती वेळा जावं लागतं ते घरात संडास नसलेल्या बाईलाच विचारावं. दर खेपेला सुट्टे मोजायचे, म्हणून ती पाणीच कमी पिते. हे तिनेच मला सांगितलं, अगदी सहज, काटकसरीची गोष्ट सांगावी तसं.

महिन्याचा पास का नाही तिच्याकडे? पास घरमालकाच्या नावावर आहे. संडास बांधायच्या आधी आपण वर्गणी काढली, मोठ्या माणसामागे 100 रुपये, एका घराचे जास्तीत जास्त 500. तेव्हा ती इथे, मुंबईतल्या आमच्या चित्ता कॅम्प वस्तीत नव्हती. पालिकेच्या योजनेत 50 माणसांमागे एक सीट धरलेली. तो हिशोब त्या वेळी बसला. मग 10 बाय 15च्या घरांवर माळे चढले, माळ्यांवर भाडेकरू आले, सीटा होत्या तेवढ्याच राहिल्या. मालक म्हणतात, आम्ही आमच्या घरचं भरतो, त्यांचं त्यांनी बघावं. भाडेकरू म्हणतात, अकरा महिन्यांनी कुठे असू ठाऊक नाही, सभासद कशाला होऊ? दोघांचंही खोटं नाही.

आणि केअरटेकरचं तरी काय चुकलं? पालिकेने बांधून दिलं, पुढचं सगळं वस्तीने बघायचं. वीज, पाणी, मोटार, फिनेल, कड्या, त्याचा पगार, टाकी उपसणं. आज एकीला सोडलं तर उद्या दहा जणी दारात उभ्या राहतील, आणि पासाचे पैसे भरणारे म्हणतील, आम्हीच का भरायचं? पैसे थांबले की काय होतं ते आपण जुन्या संडासात बघितलंय. दारं गेलेली, पाणी घरून डब्यातून न्यायचं, बायका उजाडायच्या आत उठायच्या. 2017 साली मानखुर्दला शौचालय खचून माणसं मैल्याच्या टाकीत पडून मेली, त्यानंतर तर टाकीचा विषय निघाला की माझ्या पोटात गोळा येतो. नियम आहेत म्हणून ही इमारत उभी आहे. मीच संडास समितीच्या बैठकीत हे सगळ्यांना पटवून दिलं होतं.

पण मग मनातून जात का नाही?

संध्याकाळी तर फार वैताग आला. वाटलं, का हे सगळं माझ्याच डोक्याला? घरी आले की जेवण गार, यांची कुरकुर, जाऊबाईंचं ते नेहमीचं. मोटार बंद पडली की पहिली हाक मला. पास हरवला, मला. दोन बायकांची नंबरावरून जुंपली, तरी मलाच. कुणी एकदा विचारलं नाही की ताई, तुम्ही दमलात का. थोडं रडूही आलं. जाऊ दे ते.

आईने मग तिचं ते जुनं काढलं. ती जनता कॉलनीतली. 1976च्या मे महिन्यात, आणीबाणीत, बीएआरसीला, म्हणजे भाभा अणुसंशोधन केंद्राला, लागून असलेली ती 70,000 माणसांची वस्ती तोडली आणि सगळ्यांना इथे खाडीकाठच्या दलदलीत आणून टाकलं. त्याच वर्षी झोपड्यांची गणती झाली, झोपडी कुणाची ते दाखवणारे फोटोपास मिळाले. ज्याच्याकडे पास तो माणूस मोजला गेला. आईने तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून अजून ठेवलाय.

त्याच्याही आधीची गोष्ट तिला जास्त आवडते. साठच्या दशकात जॉकिन अर्पुथमने, पुढे झोपडपट्टीवाल्यांचा पुढारी झाला त्याने, कॉलनीतली पोरं गोळा केली, सहलीला नेतो म्हणून, आणि प्रत्येकाच्या हातात थोडा थोडा कचरा दिला. हजारो पोरांनी तो नेऊन महापालिकेच्या कार्यालयासमोर टाकला. पुढे मॅगसेसे मिळालं, पद्मश्री मिळाली, पण आईच्या लेखी तो कचरेवाला जॉकिनच. मी आज पहिल्यांदाच विचार केला, की त्या पोरांतल्या एकालाही कुणी विचारलं नसेल, तुझ्या बापाने वर्गणी दिली का रे. वस्तीत राहतोस ना, मग चल.

आणि 'राइट टू पी'च्या, म्हणजे बायकांना फुकट मुतारी मिळावी या मोहिमेच्या, वेळी सह्या कुणी गोळा केल्या? पुरुषांना मुतारी फुकट आणि बाईला पैसे, हे चालणार नाही, असं स्टेशनवर उभं राहून मीच सांगत होते. ते पालिकेला सांगायचं होतं, तेव्हा सोपं गेलं. आता समिती आपली, दार आपलं.

चिडचिड ओसरली एकदाची. केअरटेकर रोज दारात बसतो, त्याला रोज हे दिसतं. त्याने विचारलं ते बरंच झालं. आणि एवढ्या बायका मलाच हाक मारतात, तर तेही आता असू दे. दुसऱ्या कुणाला मारतील?

रविवारी बैठक आहे. भाडेकरूला त्याच्या स्वतःच्या नावाने महिन्याचा पास द्यावा, सुरुवातीच्या वर्गणीची अट काढावी, आणि पोटुशी बाईला पैशांच्या मोजणीतूनच वगळावं, असं मांडणार आहे. खजिनदार चाचा विचारतील, सकाळची रांग कुठवर नेणार आणि तूट कोण भरणार? रांगेचं उत्तर नाही माझ्याकडे. त्याला आणखी सीटाच लागतील, पुन्हा वॉर्ड ऑफिस, पुन्हा अर्ज. तुटीचं मात्र आहे. ज्याला माळ्याचं भाडं मिळतं त्याने माळ्यामागे दरमहा वेगळे पैसे भरावेत. आमच्या घरावरही माळा आहे, म्हणजे पहिली पावती आमच्याच नावाने फाडावी लागेल. यांना अजून सांगितलेलं नाही.