गिझरची वायर

नव्या फ्लॅटचे पेढे वाटून झाले आणि आज वायरमन काकांनी बाथरूमचा बोर्ड उघडला. २००० वॅटच्या गिझरला १ स्क्वेअर एमएमची वायर! म्हणजे दिव्या-पंख्याची. गिझर ओढतो जवळपास ९ अँपिअर. काका म्हणाले, चार स्क्वेअर एमएमचीच टाकू. वर एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) ३२ अँपिअरचा, म्हणजे वायर जळेल पण हा पडायचा नाही. आणि अर्थिंगची हिरवी वायर? सॉकेटला ऐटीत जोडलेली, दुसरं टोक डीबीपर्यंत, म्हणजे घराच्या मुख्य वीज-बोर्डापर्यंत, पोचलेलंच नाही. नुसती शोभेला.

बिल्डरचा माणूस फोनवर म्हणतो, "मॅडम, बाकी कुणाची तक्रार नाही." बाकी कुणी बोर्ड उघडून बघितलाय का, विचारलं तर त्याचं नेटवर्क गेलं.

उद्या नवी वायर ओढतायत, ३० मिलिअँपिअरची आरसीसीबीही (करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच) बसवून घेतेय. तोवर आंघोळीचं पाणी गॅसवर.