ठोसा न मारणारा बॉक्सर

बॉक्सिंगचा सिनेमा म्हटलं की शेवट आपल्याला आधीच ठाऊक असतो ना, हिरो बेदम मार खाणार, डोळा सुजणार, घरचे देव पाण्यात घालून बसणार आणि शेवटच्या राउंडला एकच ठोसा. जिम शेरिडनचा 'द बॉक्सर' (१९९७) लावला तेव्हा मी पण तेच धरून बसले होते.

आणि इथे हा डॅनी, म्हणजे डॅनियल डे-लुईस, आयआरएच्या (उत्तर आयर्लंड ब्रिटनपासून तोडून आयर्लंडला जोडायला निघालेली सशस्त्र संघटना, मुख्यतः कॅथलिकांची) नादाला लागून पोरवयात आत गेलेला, १४ वर्षं जेलमध्ये काढून उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टला परत येतो आणि करतो काय, तर एक जुना हॉल साफ करायला घेतो! दारूत बुडालेल्या जुन्या कोचला शोधून काढतो आणि दोघं मिळून जिम उभी करतात, कॅथलिक प्रोटेस्टंट दोन्हीकडच्या पोरांसाठी. आवराआवर करताना स्टेजखाली सेमटेक्स सापडतं, म्हणजे स्फोटकं, आयआरएनेच लपवलेली. हा गडी ती उचलतो आणि सरळ नदीत. भाषण नाही, काही नाही. पण आता आपली काही खैर नाही हे त्याला माहीत असतं, आपल्यालाही.

खरा हादरा बसला तो लंडनच्या मॅचला. सूटबूट घातलेली श्रीमंत मंडळी टेबलांवर बसून मॅच बघतायत, समोरचा बॉक्सर पार गेलाय, नुसता उभा आहे म्हणून उभा आहे, आणि मॅच काही थांबत नाही. डॅनी मारायचंच नाकारतो. हातातली मॅच सोडून देतो. मी आपली सोफ्यावर, अरे मार की, असं मनात म्हणत होते आणि मग माझीच मला लाज वाटली, कारण त्या सूटवाल्यांत आणि माझ्यात तसा काय फरक होता.

मॅगीचं (एमिली वॉटसन) दुखणं वेगळंच. नवरा आयआरएचा कैदी, त्यामुळे तिने दुसऱ्या कुणाकडे बघायचंच नाही, सगळी वस्ती तिच्यावर पहारा ठेवून. बाप आयआरएतला बडा माणूस, त्याला आता शस्त्रसंधी हवीय, तरी पोरीच्या बाबतीत नियम म्हणजे नियम. आणि तिचा मुलगा लियम, आई आपल्याला सोडून जाईल या भीतीने तो जे करतो ते बघून पोटात गोळा आला. ते सांगत नाही, बघाच.

डे-लुईसला बॉक्सिंग शिकवलं बॅरी मॅकगिगनने, आणि हा मॅकगिगन खरोखरच सिनेमातल्या डॅनीसारखा, दोन्ही बाजूंना जोडणारा होता बरं का. आयर्लंडमधल्या क्लोन्सचा कॅथलिक, बायको प्रोटेस्टंट, १९८५ला फेदरवेटचा (बॉक्सिंगमधला एक हलका वजनगट) वर्ल्ड चॅम्पियन. मॅचआधी राष्ट्रगीताच्या जागी त्याचे वडील 'डॅनी बॉय' गायचे, म्हणजे कुठल्याच बाजूला टोचायला नको, आणि हॉलमध्ये दोन्हीकडचे लोक शेजारी शेजारी बसून ओरडायचे. बाहेर मात्र या दोन बाजूंच्या संघर्षात माणसं मरतच होती, तीसेक वर्षांत साडेतीन हजारांच्या वर गेली. हा संघर्ष मिटवायला झालेला गुड फ्रायडे करार झाला एप्रिल १९९८मध्ये, सिनेमा येऊन जेमतेम काही महिने झाले होते.

तक्रार एकच. हॅरी नावाचा जो कट्टर माणूस दाखवलाय तो फारच व्हिलन झालाय, आला की कळतंच आता काहीतरी वाईट होणार. एवढा सगळा राग एकाच माणसाच्या डोक्यावर टाकला की बाकीची वस्ती आपसूक सुटते, आणि मॅगीवर नजर ठेवणारी ती वस्तीच तर होती.