लँडो सरांचं बिऱ्हाड

मागच्या आठवड्यात आमच्या स्टाफरूममध्ये दोन तास चर्चा झाली, विषय काय तर इंग्लिश डिपार्टमेंटतर्फे ब्रिटिश आणि अमेरिकन स्टडीजची ऑनलाइन इन्स्टिट्यूट काढायची. दोन तासांत लोगो ठरला, उद्घाटनाला कोणाला बोलवायचं ते ठरलं, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप तर तिथल्या तिथेच निघाला, पण पोरांना वाचायला नेमकं काय ठेवायचं यावर कोणी बोलेना. मी आपला चहा पीत बसलो होतो आणि डोक्यात सारखे जॉर्ज लँडो येत होते.

लँडो म्हणजे अमेरिकेत प्रॉव्हिडन्सला ब्राउन युनिव्हर्सिटी आहे तिथले इंग्लिश आणि आर्ट हिस्टरीचे प्रोफेसर. माणूस अमेरिकन पण जीव सगळा एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडात, त्यातही जॉन रस्किन या कलेवर लिहिणाऱ्या समीक्षकामध्ये अडकलेला. शिकवायला इंग्लिश ३२ नावाचा सर्व्हे कोर्स, म्हणजे १७०० पासून पुढचं सगळं इंग्लिश साहित्य एका दमात. आता असा कोर्स ज्याने शिकवलाय त्याला माहितीये, पोरं कविता वाचतात पण तिच्या मागचं काहीच ठाऊक नसतं, चर्चमध्ये कसली भांडणं चालू होती, रेल्वे कधी आली, दगडातल्या जीवाश्मांनी कोणाची झोप उडवली. तर ही मागची माहिती पुरवायला त्यांनी ब्राउनमध्येच तयार होत असलेली इंटरमीडिया नावाची हायपरटेक्स्ट सिस्टिम, म्हणजे पानं एकमेकांना लिंकने जोडणारं सॉफ्टवेअर, धरली आणि त्यावर मजकूर चढवायला लागले. साल साधारण १९८७, वेब अजून जन्मायचं होतं! आणि नाव काय दिलं, तर कॉन्टेक्स्ट ३२. वर्गाचाच नंबर.

इंटरमीडियात लिंक दोन्हीकडून चालायची. कवी टेनिसनच्या पानावरून भूगर्भशास्त्राच्या पानाला दोरी बांधली की भूगर्भशास्त्राच्या पानालाही कळायचं की टेनिसन आपल्याकडे येतो म्हणून. आजच्या वेबवर हे होत नाही, तुमच्या पानाला कोणी लिंक दिली तर तुमच्या पानाला पत्ताच नसतो. पण १९९१ च्या सुमाराला पैसे संपले, वर ॲपलच्या ज्या सिस्टिमवर ती चालायची ती ॲपलने बदलली आणि इंटरमीडिया बंद पडली. झालं, बिऱ्हाड उचला. स्टोरीस्पेस नावाच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये गेले, मग १९९४-९५ मध्ये वेबवर आले आणि त्याची व्हिक्टोरियन वेब नावाची साइट झाली. इथे दोरी एकतर्फी, म्हणून मग प्रत्येक विषयाची यादीची पानं हाताने करायची आणि पानाच्या तळाला छोटी चित्रं ठेवायची, त्यावरून माणूस परत वर जाऊ शकेल. पुढे सिंगापूरच्या नॅशनल युनिव्हर्सिटीत गेले तर साइट तिथल्या सर्व्हरवर.

मला सगळ्यात आवडतं ते म्हणजे त्यात विद्यार्थ्यांचे निबंधही आहेत, मोठ्या स्कॉलर्सच्या लिखाणाच्या शेजारीच. आपल्याकडे विद्यार्थ्याचं लिखाण इंटर्नल मार्कांपुरतं, नंतर रद्दीत.

माझी या साइटशी गाठ पडली एमए पार्ट टूला, नेट कॅफेत तासाला वीस रुपये मोजून. कॉलेजच्या लायब्ररीत रस्किनचं कपाट होतं पण किल्ली ज्यांच्याकडे ते रजेवर. नेटवर मात्र रस्किन सताड उघडा. व्हेनिसच्या कमानींवर हा माणूस इतकं भरभरून लिहितो आणि मग लक्षात येतं की अरे, ह्या कमानी तर आपण लोकल पकडायला जाताना रोज बघतो. त्याच्या लिखाणाने इंग्लंडात व्हेनेशियन गॉथिकची, म्हणजे व्हेनिसच्या टोकदार कमानींच्या शैलीची, हवा झाली, ती मुंबईला आली, आणि ओव्हल मैदानाच्या कडेला युनिव्हर्सिटी उभी राहिली. राजाबाई टॉवरचं डिझाइन करणारा गिल्बर्ट स्कॉट मुंबईत कधी आलाच नाही, लंडनहून नकाशे पाठवले, पैसे प्रेमचंद रायचंद यांचे, नाव त्यांच्या आईचं. (आणि हाच रस्किन हिंदुस्थानी कलेबद्दल काय वाट्टेल ते बोलून गेलाय, ते वेगळंच.) नंतर कधीतरी मुंबईच्या ह्या इमारतींची पानंही त्याच साइटवर दिसली तेव्हा उगाच घरचं कोणी भेटल्यासारखं झालं.

लँडो २०२३ मध्ये गेले. साइट आता एक फाउंडेशन चालवतं, पानं आणि चित्रं मिळून लाखाच्या वर गेलीत, रचना अजूनही जुनाट दिसते आणि मोबाईलवर डोळे बारीक करावे लागतात, पण उघडते.

तर मीटिंगच्या शेवटी मी म्हटलं, सर, लोगो राहू दे, आपण एकच कविता घेऊ, एफवायच्या सिलॅबसमधली, आणि तिच्याभोवतीचं सगळं पोरांकडून लिहून घेऊ. हेड म्हणाले, छान कल्पना आहे, ग्रुपवर टाका. टाकली. तीन अंगठे आले. मी तोवर वर्गातल्या चार जणांना धरून बसवलंय, सात पानं झालीत, त्यातली दोन बरी आहेत. लोगो निळा आलाय.